कृष्णधवल बिटमॅपमधील ठिपके काढताना

स्कॅन केलेल्या पानावरचे ठिपके घालवण्याची सोय बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये एका बटणावर असते, आणि तेच बटण कधीकधी पूर्णविराम, दशांशचिन्हे आणि अनुस्वारही घालवून टाकते. यात सॉफ्टवेअरचा फारसा दोष नाही. करड्या छटांच्या चित्रात धुळीचा कण फिकट आणि छापलेले टिंब गडद, असा काही फरक शिल्लक असतो. परंतु कृष्णधवल, म्हणजे एक बिटच्या बिटमॅपमध्ये प्रत्येक पिक्सेल एक तर काळा असतो किंवा पांढरा, त्यामुळे त्यात हा फरक पुसला गेलेला असतो. मग कचरा ओळखण्यासाठी आकारमान, आकृती आणि शेजार या तीनच खुणा उरतात. म्हणून कोणते फिल्टर वापरावे हा प्रश्न या कामात नंतर येतो. त्याआधी, समोरच्या पानावरची सर्वांत लहान अर्थपूर्ण खूण किती पिक्सेलांची आहे, हे मोजून घ्यावे लागते.

पुढील विवेचन मुख्यतः स्कॅन केलेला मजकूर, तक्ते आणि रेखाचित्रे यांना धरून केले आहे. हाफटोन छायाचित्रांचा, म्हणजे लहानमोठ्या ठिपक्यांनी छटा दाखवणाऱ्या छापील छायाचित्रांचा, विचार शेवटाकडे वेगळा केला आहे, कारण त्यांना हे उपाय लावणे म्हणजे चित्रच पुसणे होय.

कचऱ्याचे प्रकार आणि त्यांचे मूळ

पांढऱ्या भागावरचे सुटे काळे ठिपके हा सर्वांत परिचित प्रकार. काचेवरची धूळ, कागदाचा खडबडीत पोत, मागच्या बाजूची छपाई पुढे दिसणे, किंवा काळे-पांढरे ठरवणारी मर्यादा, म्हणजे थ्रेशोल्ड, चुकीच्या जागी बसवणे, ही त्याची नेहमीची कारणे असतात. याच्या उलट, काळ्या अक्षरांच्या पोटात पांढरी छिद्रे पडतात. फिकट शाई, छपाईचा झिजलेला खिळा किंवा झेरॉक्सची झेरॉक्स यांतून ती येतात. तिसरा प्रकार अक्षरांच्या कडांचा: सरळ रेघेवर एकेका पिक्सेलाचे उंचवटे आणि खाचा दिसतात. मूळ फाइल जेपेग असेल, तर तिच्यातील ८ × ८ पिक्सेलांच्या चौकटींत साठलेली थरथर अक्षरांभोवती फिकट वलयासारखी असते आणि काळ्या-पांढऱ्यात रूपांतर करताना तिचेच ठिपके होतात. असे ठिपके अक्षरांना बिलगून असल्यामुळे काढायला सर्वांत त्रासदायक ठरतात. याखेरीज कडेच्या काळ्या पट्ट्या आणि उभ्या लांब रेघा असतात. पट्ट्यांसाठी फिल्टर शोधत बसू नये, त्या सरळ कापून टाकाव्यात. रेघांचे पुढे पाहू.

संख्येचा अंदाज असलेला बरा. ए-फोर आकाराचे पान ३०० डीपीआयला, म्हणजे दर इंचाला ३०० पिक्सेल धरून, स्कॅन केले, तर ते २४८० × ३५०८, म्हणजे सुमारे ८७ लाख पिक्सेलांचे होते. त्यांपैकी हजारातला एक पिक्सेल जरी चुकीचा असला, तरी पानावर ८,७०० ठिपके पडतात. ते हाताने खोडण्याचा विचार त्यामुळे तिथेच सोडून द्यावा लागतो.

करडी प्रत हाताशी असेल तर

मूळ कागद किंवा करड्या छटांचा स्कॅन उपलब्ध असेल, तर एक बिटच्या फाइलवर मेहनत घेण्याआधी मागे जाणे नेहमीच फायद्याचे असते. काच पुसावी; कागद पातळ असल्यास पानामागे काळा कागद ठेवावा, म्हणजे मागची छपाई कमी उमटते; आणि स्कॅनरला स्वतःहून काळे-पांढरे करू न देता करड्या छटांतच स्कॅन घ्यावा. थ्रेशोल्डचा निर्णय नंतर आपल्या हाताने घेता येतो. तिरके पानही करड्या अवस्थेतच सरळ करावे, कारण एक बिटचे चित्र फिरवले की प्रत्येक आडव्या रेघेला पायऱ्या पडतात.

थ्रेशोल्ड ठरवण्याच्या पद्धतीवर ठिपक्यांचे प्रमाण किती अवलंबून असते, याची कल्पना पुष्कळांना नसते. नोबुयुकी ओत्सु यांनी १९७९ मध्ये मांडलेली पद्धत संपूर्ण पानासाठी एकच मर्यादा काढते. उजेड सगळीकडे सारखा असेल तर ती उत्तम चालते, पण पुस्तकाच्या शिवणीजवळची सावली तिच्या हाती लागली की तेथे काळ्या कणांचा सडा पडतो. निब्लॅक यांची पद्धत प्रत्येक पिक्सेलभोवतीच्या लहान खिडकीतील सरासरी आणि प्रमाण विचलन पाहून स्थानिक मर्यादा ठरवते. मात्र खिडकीत अक्षरच नसेल, तर कागदाच्या पोतातील किरकोळ चढउतारही ती काळे-पांढरे करून टाकते आणि कोऱ्या समासात कचरा निर्माण होतो. सौवोला आणि पिएतिकाइनेन यांनी २००० साली सुचवलेल्या सूत्रात नेमका हा दोष दूर केला आहे: खिडकीत चढउतार कमी असले, तर मर्यादा सरासरीच्या बरीच खाली उतरते आणि कोरी जागा कोरी राहते. ठिपके कोऱ्या समासातच दाट दिसत असतील, तर ते काढण्याऐवजी थ्रेशोल्डची पद्धत बदलावी. रूपांतरापूर्वी अर्ध्या ते एक पिक्सेलाचा सौम्य ब्लर दिला, तरीही एकेकट्या पिक्सेलांचा बराच कचरा जन्मालाच येत नाही.

पुष्कळदा मात्र हाती फक्त एक बिटची फाइल असते; कागद कधीच गेलेला असतो. खरे काम तेथून सुरू होते.

आधी मोजमाप

पानावरचे सर्वांत लहान अर्थपूर्ण चिन्ह शोधावे. ते बहुधा तळटिपेतील पूर्णविराम, आकड्यांतील दशांशचिन्ह, अंशाचे चिन्ह किंवा देवनागरीतील अनुस्वार यांपैकी एक असते. अनुस्वार गेला, तर ‘वंश’ या शब्दाचा ‘वश’ होतो आणि वाचणाऱ्याला चूक झाल्याची शंकाही येत नाही, कारण दोन्ही शब्द खरे आहेत. दशांशचिन्हाचे तसेच: १.५ चे १५ झाले, तर पानावर कोणताही डाग दिसत नाही.

ढोबळ हिशेब असा करता येतो. टाइपाचा एक पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग. ३०० डीपीआयला तो सुमारे ४.२ पिक्सेलांचा होतो. दहा पॉइंटाच्या मजकुरातील पूर्णविरामाचा व्यास एक पॉइंटाहून किंचित जास्त धरला, तर त्याचे क्षेत्रफळ पंधरा ते वीस पिक्सेल भरते. सहा पॉइंटाच्या तळटिपेत तेच पाच-सात पिक्सेलांवर येते. क्षेत्रफळ रिझोल्युशनच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, हे येथे विसरू नये: ६०० डीपीआयला हे आकडे चौपट होतात, तर २०० डीपीआयला निम्म्याहूनही कमी होतात. फॅक्ससारख्या खालच्या रिझोल्युशनच्या पानावर तळटिपेतील टिंब दोन-तीन पिक्सेलांचेच उरते आणि तेथे आकारमानाच्या आधारे ठिपके काढता येत नाहीत. अशा पानावर थोडा कचरा राहू देणेच शहाणपणाचे असते.

हिशेब दिशा दाखवतो. आकडा मात्र प्रत्यक्ष पानावरूनच घ्यावा. गिम्प या चित्रसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फझी सिलेक्ट या साधनाने एखादे टिंब निवडले आणि हिस्टोग्रामची खिडकी उघडली, की निवडलेल्या पिक्सेलांची संख्या तेथे लिहिलेली दिसते. निवड करताना अँटी-एलिअसिंग आणि फेदर हे कडा मऊ करणारे पर्याय बंद ठेवावेत, आणि तिरके शेजारी मोजण्याचा पर्याय चालू ठेवावा. पानाच्या वेगवेगळ्या भागांतील दहा-बारा टिंबे अशी मोजावीत आणि त्यांची सरासरी न काढता सर्वांत लहान आकडा धरावा, कारण सरासरीवर बेतलेली मर्यादा अर्धी टिंबे खाऊन टाकते.

प्रोग्रॅम लिहिण्याची सवय असणाऱ्यांना याहून चांगला मार्ग उपलब्ध आहे. पानावरच्या सर्व सुट्या काळ्या पुंजक्यांचे क्षेत्रफळ मोजून, कोणत्या क्षेत्रफळाचे किती पुंजके आहेत याचा आलेख काढावा. एक, दोन, तीन पिक्सेलांच्या पुंजक्यांची संख्या प्रचंड असते, मग ती झपाट्याने उतरते, आणि पुढे टिंबांचा एक लहानसा उंचवटा दिसतो. उतार आणि उंचवटा यांच्यामधली दरी म्हणजे आपली मर्यादा. दरीच दिसत नसेल, तर पानावर हाफटोन किंवा ठिपक्यांचे छायांकन आहे, किंवा धुळीचे कण टिंबांएवढेच मोठे आहेत, असे समजावे. दोन्ही बाबतींत पुढे जाण्याआधी पान डोळ्यांनी पाहणे आवश्यक ठरते.

पुंजक्यांनुसार गाळणी

एकमेकांना चिकटलेल्या काळ्या पिक्सेलांचा समूह, ज्याला कनेक्टेड कॉम्पोनंट म्हणतात, हे या कामातले खरे एकक आहे. समूह ठरवताना चार शेजारी धरावेत की तिरके मिळून आठ, हा निर्णय आधीच घ्यावा लागतो. काळ्यासाठी आठ शेजारी धरणे जवळजवळ नेहमीच योग्य असते. चार धरले, तर एक पिक्सेल जाडीची तिरकी रेघ सुट्या पिक्सेलांत विखुरते आणि कचरा समजून उडवली जाते. काळ्यासाठी आठ धरले असतील, तर पांढऱ्यासाठी चार धरावेत. नाही तर तिरकी रेघ अखंड आहे असेही म्हणायचे आणि पांढरा भाग तिच्यातून आरपार जातो असेही म्हणायचे, अशी विसंगती उद्भवते.

सरळसोट पद्धतीत ठरावीक क्षेत्रफळाखालचे सगळे पुंजके पांढरे केले जातात. स्वच्छ छपाईला ती पुरते. परंतु जुनी किंवा फिकट छपाई असेल, तर बारीक रेघा जागोजागी तुटलेल्या असतात आणि त्यांचे तुकडे धुळीएवढेच लहान असतात. अशा वेळी एकाऐवजी दोन मर्यादा ठेवाव्यात आणि त्यांच्या मधल्या पुंजक्यांचा निर्णय शेजारावर सोपवावा. समजा, सर्वांत लहान टिंब १४ पिक्सेलांचे भरले. मग चार पिक्सेलांखालचे सर्व पुंजके काढावेत. दहाच्या वरचे सर्व ठेवावेत. आणि चार ते दहा यांमधला पुंजका जवळपास एखादे मोठे अक्षर असेल तरच ठेवावा, एरवी काढावा. ‘जवळपास’ म्हणजे किती, हेही मोजूनच ठरवावे: अनुस्वार शिरोरेषेपासून किंवा पूर्णविराम शेवटच्या अक्षरापासून जितका दूर असतो, त्याहून थोडे जास्त अंतर घ्यावे. ३०० डीपीआयच्या साध्या मजकुराला सहा ते आठ पिक्सेल बहुधा पुरतात. या नियमामुळे अक्षरांलगतची थोडी धूळ वाचते, हे खरे आहे, पण ओळीच्या मध्ये अडकलेला एखादा कण वाचकाला तितका खुपत नाही. समासातला खुपतो, आणि तो तर जातोच. छपाई फारच तुटक असल्यास खालची मर्यादाही एक-दोन पिक्सेलांवर आणावी.

शेजाराच्या नियमाचे एक ठरलेले बळी असतात, ते म्हणजे अनुक्रमणिकेत शीर्षकापासून पृष्ठक्रमांकापर्यंत पसरलेली टिंबांची रांग आणि कोऱ्या अर्जांतील तुटक रेघा. त्या अक्षरांपासून दूर असतात आणि लहानही असतात. अशी पाने वेगळी काढून त्यांना फक्त खालची मर्यादा लावावी.

फिल्टर कोठे वापरावे आणि कोठे नाही

मीडियन फिल्टर हे ठिपक्यांवरचे पाठ्यपुस्तकी उत्तर आहे. एक बिटच्या चित्रात त्याचा अर्थ साधे बहुमत एवढाच होतो: ३ × ३ च्या चौकटीतील नऊपैकी पाच पिक्सेल ज्या रंगाचे, तो रंग मधल्या पिक्सेलाला मिळतो. एकटा ठिपका यात जातो, तसाच सरळ कडेवरचा एकेरी उंचवटाही जातो. पण एक पिक्सेल जाडीच्या रेघेचे नऊपैकी तीनच पिक्सेल काळे असतात, त्यामुळे ती संपूर्ण पुसली जाते. काटकोनी कोपऱ्याला चारच मते मिळतात, म्हणून प्रत्येक कोपरा बोथट होतो. आणि दोन पिक्सेल जाडीची रेघ टिकते खरी, पण फिल्टर दर वेळी लावताना तिची दोन्ही टोके एकेका पिक्सेलाने आखूड होतात. ‘अजून थोडे ठिपके राहिले आहेत’ म्हणून हे फिल्टर तीन-चार वेळा लावणाऱ्यांच्या पानावरील अक्षरे साबणासारखी झिजलेली दिसतात, त्याचे कारण हे आहे.

ओपनिंग आणि क्लोजिंग या क्रिया जॉर्ज मातरों आणि जाँ सेरा यांनी १९६० च्या दशकात फ्रान्समध्ये उभारलेल्या गणिती आकारशास्त्रातून आल्या. क्लोजिंगमध्ये आकृती आधी फुगवतात आणि मग तेवढीच कुरतडतात. याउलट ओपनिंग म्हणजे आधी आकृती सर्व बाजूंनी कुरतडायची आणि मग तेवढीच फुगवायची; कुरतडताना नाहीसे झालेले काही परत येत नाही. अडचण अशी, की बारीक रेघाही परत येत नाहीत आणि अक्षरांच्या कडा चौकटीच्या आकाराने घासल्या जातात. शिवाय नावांचा घोळ आहे. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये, गिम्पमध्येही, डायलेट म्हणजे उजळ भाग वाढवणे. त्यामुळे पांढऱ्या कागदावरची काळी अक्षरे डायलेट केल्यावर जाड होण्याऐवजी बारीक होतात. आज्ञा देण्यापूर्वी पानाच्या कोपऱ्यावर एकदा करून पाहावी.

थोडक्यात, ही दोन्ही साधने प्रत्येक पिक्सेलाला हात लावतात, तर पुंजक्यांची पद्धत काढलेल्या पुंजक्यांपलीकडे काहीच बदलत नाही. ज्या रेघा सगळीकडे किमान तीन पिक्सेल जाड आहेत, तेथे मीडियन एकदा, शेवटी, कडा साफ करण्यासाठी वापरायला हरकत नाही. त्यापलीकडे त्याचा मोह टाळावा.

नेहमीच्या साधनांतून हेच कसे करावे

गिम्पमध्ये प्रोग्रॅम न लिहिता शेजाराचा नियम लावण्याची एक युक्ती आहे. चित्र इंडेक्स्ड (ठरावीक रंगांच्या यादीच्या) स्वरूपात असेल, तर प्रथम ग्रेस्केल, म्हणजे करड्या छटांचे करावे. रंगानुसार निवडीचे साधन घेऊन, मर्यादा शून्य ठेवून, सर्व काळे पिक्सेल निवडावेत आणि ही निवड चॅनल म्हणून जपून ठेवावी. मग निवड एका पिक्सेलाने आकुंचित करावी. यात दोन पिक्सेलांपर्यंत जाडीचे सारे ठिपके निवडीतून गळून पडतात. आता निवड आठ पिक्सेलांनी वाढवावी आणि जपून ठेवलेल्या चॅनलशी तिचा छेद घ्यावा. जाड रेघांच्या आठ पिक्सेलांच्या आत जे जे मूळचे काळे होते, ते सर्व जसेच्या तसे परत निवडले जाते. अक्षरांच्या कडांना धक्का लागत नाही आणि अनुस्वारही परत येतात. शेवटी निवड उलटी करून ती पांढऱ्याने भरावी. बारीक रेघांचे तक्ते असलेल्या पानावर मात्र ही युक्ती चालत नाही, कारण दोन पिक्सेलांची लांब रेघ आकुंचनातच नाहीशी होते आणि जाड अक्षराजवळचा तिचा तुकडा तेवढा परत येतो. तक्त्याच्या रेघा आधी वेगळ्या लेअरवर काढून ठेवाव्या लागतात.

शेकडो पाने असतील, तर आज्ञांवर चालणारे इमेजमॅजिक सोयीचे पडते. त्यातील कनेक्टेड कॉम्पोनंट्सच्या सोयीला किमान क्षेत्रफळ आणि शेजाऱ्यांची संख्या देता येते. तिचा एक स्वभाव ध्यानात ठेवावा: दिलेल्या क्षेत्रफळाखालचा प्रत्येक भाग ती भोवतालच्या रंगात मिसळून टाकते, मग तो काळा ठिपका असो वा अक्षराच्या पोटातली पांढरी पोकळी. लहान टाइपात ‘थ’च्या किंवा ‘भ’च्या गाठीतील पोकळी अशीच बुजते. यावर उपाय सोपा आहे. मूळ चित्र आणि गाळलेले चित्र एकमेकांवर ठेवून दोहोंपैकी उजळ पिक्सेल घ्यावा; म्हणजे ठिपके तर जातात, पण पोकळ्या उघड्या राहतात. याउलट गडद पिक्सेल घेतला, तर छिद्रे बुजतात आणि ठिपके राहतात. दोन्ही कामे वेगवेगळ्या मर्यादांनी करायची असतील, तेव्हा ही जोडी फार उपयोगी पडते.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेसाठीच्या साय-किट-इमेज या ग्रंथालयात, म्हणजे फंक्शनांच्या संचात, लहान वस्तू आणि लहान छिद्रे काढण्याची तयार फंक्शने आहेत. त्यांची न सांगता गृहीत धरलेली मर्यादा ६४ पिक्सेल आहे. वरच्या हिशेबाशी ताडून पाहिले, तर ३०० डीपीआयच्या पानावरचे झाडून सगळे पूर्णविराम तिच्याखाली येतात हे दिसेल. शिवाय ही फंक्शने चार शेजारी गृहीत धरतात. दोन्ही आकडे स्वतः द्यावेत. ओपनसीव्ही या दुसऱ्या ग्रंथालयात पुंजक्यांची गणना करणारे फंक्शन प्रत्येक पुंजक्याचे क्षेत्रफळ आणि चौकटही देते, त्यामुळे दोन मर्यादांचा नियम काही ओळींत लिहिता येतो. दोन्ही ग्रंथालये शून्य नसलेल्या पिक्सेलाला वस्तू समजतात, म्हणून काळ्या अक्षरांचे चित्र आधी उलटे करावे लागते. ते विसरले, तर ठिपक्यांऐवजी अक्षरांच्या पोकळ्या जातात, आणि क्षणभर काय बिघडले हेच कळत नाही.

पुस्तकाच्या पानांसाठी स्कॅन टेलर हे साधन बरेच समंजस आहे. त्यात ठिपके काढण्याच्या सौम्य ते आक्रमक अशा तीन पायऱ्या आहेत, मोठ्या आकृतीजवळचा लहान पुंजका ते सहसा सोडून देते, आणि काय काढले ते रंगवून दाखवते. सुरुवात सौम्य पायरीपासूनच करावी.

छिद्रे आणि कडा

अक्षरांतील छिद्रे ठिपके काढल्यानंतर बुजवावीत. क्रम उलटा केला, विशेषतः क्लोजिंगने बुजवली, तर जवळजवळचे ठिपके एकमेकांना चिकटून मोठे पुंजके बनतात आणि मग ते मर्यादेच्या वर निसटतात. छिद्रांची मर्यादाही अक्षरांतील सर्वांत लहान पोकळी मोजूनच घ्यावी. ती ठिपक्यांच्या मर्यादेपेक्षा बहुधा कमी येते.

उभ्या रेघा

पानाच्या वरपासून खालपर्यंत गेलेली बारीक उभी रेघ कागद आपोआप ओढणाऱ्या फीडरमधून येते: तेथे कागद सरकतो आणि वाचणारी पट्टी स्थिर असते, त्यामुळे पट्टीवरचा एक कण संपूर्ण पानभर रेघ ओढतो. क्षेत्रफळाची गाळणी तिला पकडू शकत नाही, कारण ती मोठी असते, आणि अक्षरांना छेदून गेल्यामुळे त्यांच्याशी एकाच पुंजक्यात अडकलेली असते. तक्त्याच्या उभ्या रेघेपासून तिला वेगळे ओळखण्याची खूण अशी, की ती एकामागून एक येणाऱ्या सर्व पानांवर त्याच स्तंभात असते. तक्त्याच्या रेघा पानागणिक जागा बदलतात. सलग आठ-दहा पानांचे स्तंभवार काळे पिक्सेल मोजले, की तो स्तंभ उठून दिसतो. मग त्या स्तंभाच्या प्रत्येक ओळीत आडव्या दिशेने काळा पट्टा किती रुंद आहे ते पाहावे: रेघेएवढाच असेल तर पांढरा करावा, त्याहून रुंद असेल तर तेथे अक्षर आहे असे समजून सोडून द्यावा.

जे सोडून द्यावे

हाफटोन छायाचित्रे, ठिपक्यांनी छायांकित केलेले नकाशे आणि कोरीव कामाची चित्रे यांत ठिपका हाच आशय असतो. ती क्षेत्रे आधी चौकटीने वगळावीत आणि उरलेल्या पानालाच गाळणी लावावी. मजकुराची मर्यादा चित्राला लागली, तर चित्रातील उजळ भाग प्रथम जातात, कारण तेथील ठिपके सर्वांत लहान असतात. आकाश कोरे होते, चेहऱ्यावरचे उजेड-सावलीचे उतार पायऱ्यांसारखे तुटतात.

तपासणी आणि जतन

साफ केलेले पान पाहून काम बरोबर झाले की नाही हे ठरवता येत नाही. स्वच्छ पान नेहमीच चांगले दिसते. पाहायचे असते ते काढून टाकलेले. मूळ चित्र आणि साफ केलेले चित्र गिम्पमध्ये दोन लेअरवर ठेवून वरच्या लेअरला डिफरन्स हा प्रकार दिला, की गेलेले पिक्सेल तेवढे काळ्यावर पांढरे चमकतात. ते पानभर विस्कळीत पसरलेले असतील, तर काम ठीक झाले आहे. ते ओळींच्या तळाशी रांगेत दिसत असतील, तर पूर्णविराम गेले आहेत. शिरोरेषेच्या वर रांगेत असतील, तर अनुस्वार. धुळीला ओळीची शिस्त नसते, त्यामुळे रांग दिसली की मर्यादा खाली आणावी.

पाने शेकडो असतील, तेव्हा प्रत्येकाचा फरक पाहणे शक्य नसते. अशा वेळी फाइलच्या आकाराची मदत होते. ग्रुप फोर या फॅक्सकाळातील दाबपद्धतीत प्रत्येक ओळ वरच्या ओळीपेक्षा कोठे बदलली एवढेच नोंदले जाते. सुटा ठिपका म्हणजे नाहक नोंदी, आणि ठिपके गेले की फाइल आकसते. सर्व पाने साधारण सारख्याच प्रमाणात आकसली पाहिजेत. एखादे पान इतरांपेक्षा फारच जास्त आकसले असेल, तर तेथे चित्र किंवा टिंबांची रांग गेली असण्याची शक्यता असते. तेवढीच पाने उघडून पाहावीत.

जतन करताना एक बिटचे पीएनजी किंवा ग्रुप फोरने दाबलेले टिफ निवडावे. जेपेग कधीही नको; काढलेली थरथर ते पुन्हा आणून ठेवते. पीडीएफ बनवताना जेबिग-टू ही दाबपद्धत वापरायची असल्यास तिचा हानिरहित प्रकार घ्यावा. हानीकारक प्रकार दिसायला सारख्या अक्षरांच्या जागी एकच नमुना बसवतो, आणि २०१३ मध्ये डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने दाखवून दिले, की काही स्कॅनिंग यंत्रे याच कारणाने कागदपत्रांतील आकडे परस्पर बदलत होती. टिफ उघडल्यावर पान काळे आणि अक्षरे पांढरी दिसली, तर घाबरू नये. टिफमध्ये शून्य म्हणजे पांढरा की काळा, हे फाइलच्या एका नोंदीत लिहिलेले असते आणि काही सॉफ्टवेअर ती नोंद वाचत नाही.

रेखाचित्राचे रूपांतर वेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलांऐवजी गणिती रेषांत, करायचे असल्यास वेगळी सफाई बहुधा लागतच नाही. पोट्रेस या प्रोग्रॅममध्ये, आणि त्याच्याच आधारे इंकस्केपमध्ये, ठिपके गाळण्याची मर्यादा अंगभूत आहे. ती मुळात दोन पिक्सेलांवर ठेवलेली असते आणि मोजमापानुसार वाढवता येते. मूळ बिटमॅप मात्र हात न लावता बाजूला ठेवावा, कारण उद्या कोणाला त्या चित्रातील एखादे टिंब खरेच होते का, असा प्रश्न पडला, तर उत्तर त्याच फाइलमध्ये सापडेल.